मुलांसह तंबूतली पहिली रात्र : सामान नेण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे तंबू भाड्याने न्यायला आलेले आईबाबा नाशिकजवळच्या हरिहर गडाबद्दल हमखास विचारतात, "हरिहरला जमेल ना?" तुम्हाला जमेल. पण त्या उभ्या कातळपायऱ्यांवर सात वर्षांच्या मुलाचा हात धरून चढायला जागाच नसते. त्यात रविवारी वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर येतात. म्हणून पहिल्या वेळेला गड वेगळा आणि मुक्काम वेगळा ठेवा. गाडी पोचते अशा एखाद्या शेतात, मालकाला विचारून तंबू लावा. सकाळी पाणी आणि खाऊ घेऊन जवळचा डोंगर करा. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय मुक्काम नको.

डोंगर म्हणाल तर आमची पसंती रामशेजला. पायथ्याच्या आशेवाडीतून मुलांच्या चालीने तासा-दीड तासात माथा येतो. वर राममंदिर आहे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. 1682 पासून पुढे काही वर्षं या छोट्याशा गडाने मोगलांना दाद दिली नाही. गडावर तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या, कातड्याने मढवलेल्या तोफा डागल्या, असं सांगतात. ही गोष्ट चढताना अर्धीच सांगा, उरलेली माथ्यावर. पाय दुखल्याची तक्रार निम्मी होते.

अंजनेरीही चांगला, पण माथ्याचा हट्ट नको. वाटेतल्या तळ्यापर्यंत गेलं तरी खूप झालं. तिथे माकडं आहेत, खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका. आधीच्या रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून या. नवे बूट कुठे चावतात ते तिथेच कळतं, डोंगरावर नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उजाडता निघा आणि परत फिरायची वेळ आधीच ठरवा. दहा म्हणजे दहा, मग माथा समोर दिसत असला तरी. कड्यांवर आग्यामोहोळं असतात. आरडाओरडा, धूर आणि अत्तर तिन्ही टाळा. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असू द्या आणि वाट चुकली तर आहे तिथेच थांबून तीनदा वाजवायची, हे घरीच घोकून घ्या.

रात्रीची तयारी

खरी परीक्षा अंधार पडल्यावर. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली सहज जातो आणि उघड्या रानात गारठा जास्तच लागतो. थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून, जमिनीतून लागते. एक गोधडी कमी न्या, पण खालची मॅट विसरू नका. दिवसभराचे घामट कपडे झोपायच्या आधी बदला, मोजेसुद्धा. कानटोपी घाला. ऊब हवी म्हणून शेगडी किंवा कोळसे तंबूत कधीही नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

शेकोटीची हौस सगळ्यांनाच असते. आमचं मत, पहिल्या वेळी नको. दिवाळीनंतर गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी वणव्याला पुरते. स्वयंपाक लहान गॅसवर करा, तोही तंबूबाहेर, गवत काढलेल्या जागेवर. खिचडी पुरे. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे घरून न्या. पाणी माणशी रोज चार लिटर धरा. ओढ्याचं प्यायचंच झालं तर आधी खळखळून उकळा.

जागा निवडताना पाण्यापासून आणि उसापासून लांब. धरणाच्या काठचा गाळ वरून घट्ट दिसतो, पाय टाकला की रुततो. आणि उसात बिबट्या असतो, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. अंधार पडल्यावर मूल एकटं बाहेर जाणार नाही, हा नियम. खरकटं उघड्यावर टाकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या.

तंबूची चेन कायम बंद. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवरच्या अंथरुणात शिरते. बूट बाहेर राहिले असतील तर सकाळी झटकूनच घाला, आत विंचू असू शकतो. साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही करू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता 108 ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. मोबाइलला रेंज कुठे मिळते ते दिवसाउजेडी बघून ठेवा.

शीचा प्रश्न आईबाबा संकोचाने विचारतात, मुलं नाही. आमच्या सामानात छोटी खुरपी असते. पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर माती. कागद आणि डायपर पिशवीत घालून परत आणायचे. जागा उजेडीच ठरवून मुलांना दाखवून ठेवा.

अंधाराची भीती वाटणारं मूल असेल तर पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार धरा. तारे कमी दिसतील, पण झाड झाडासारखंच दिसतं. आधी एक रात्र घराच्या गच्चीवर तंबूत काढली तर उत्तमच. टॉर्च प्रत्येकाला स्वतंत्र द्या, नाहीतर भांडणं.

तंबूबद्दल

सामान नेताना दुकानात एकदा स्वतः उभारून बघा, मुलांना काठ्या जोडू द्या. आपल्याकडची जमीन मुरमाड. खुंटी दोन बोटं जाऊन अडते. हातोडीने ठोकत बसलात तर ती वाकते. मग दोरी मोठ्या दगडाला बांधा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. खुंटी गेलीच तर तिरकी, डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला.

सकाळी तंबू दवाने ओला असतो. वाळवायला वेळ नसेल तर तसाच गुंडाळून आणा, पण परत देताना सांगा. न सांगता आलेल्या ओल्या तंबूला बुरशी लागते आणि अनामत रकमेतून कापावं लागतं. चेन तुटली, काठी मोडली तरी तेच. मुलं म्हटल्यावर व्हायचंच, फक्त सांगा.