पार्श्वभूमी : शून्य, पाच आणि अठरा टक्के

ई-पुस्तक की छापील पुस्तक, हा वाद सोलापुरात निघाला की कागदाचा वास आणि डोळ्यांचा त्रास यांवर तास निघतो. कराचं नाव काढलं की मंडळी घड्याळाकडे बघतात. खरी गाठ मात्र तिथेच बसली आहे.

गिरण्यांच्या काळापासून या गावाचं वाचन वाचनालयाच्या वर्गणीवर चाललं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आणि अनुदान आणलं. हजार-अकराशेची आवृत्ती काढणारा मराठी प्रकाशकही वाचनालयांच्या खरेदीकडे डोळे लावून असतो. आतल्या पानावर शिक्का बसला की एकच प्रत पुढे कित्येक घरं फिरते.

अॅमेझॉनचं किंडल हे ई-वाचनाचं यंत्र भारतात २०१२ मध्ये विक्रीला आलं, पण मराठी पुस्तकं त्यावर रीतसर मिळू लागली ती डिसेंबर २०१६ पासून. त्या यादीत हिंदी, तमीळ, गुजराती, मल्याळम होत्या. सोलापूरच्या बोळाबोळांत ऐकू येणाऱ्या कन्नड आणि तेलुगू नव्हत्या. तोवर ई-पुस्तक म्हणजे बहुतेकदा स्कॅन केलेली पीडीएफ. मोबाइलवर ती वाचायची तर प्रत्येक ओळीला पान डावीउजवीकडे सरकवायचं. प्रकाशकांकडे मजकूर होता, पण जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल अशा अक्षरांत, आणताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा आणि पुन्हा प्रुफं तपासण्याचा खर्च यायचा.

हे जरा मार्गी लागतंय तोच १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. छापील पुस्तक करमुक्त राहिलं. ई-पुस्तकाला १८ टक्के, कारण सरकारलेखी ती वस्तू नव्हे, ऑनलाइन सेवा. तोच लेखक, तोच मजकूर. कागदावर उतरला तर ग्रंथ, पडद्यावर आला तर मोबाइल रिचार्जच्या पंगतीत. ओरड झाली आणि २७ जुलै २०१८ पासून दर ५ टक्क्यांवर आला. पण सवलतीला शेपूट होतं. ई-पुस्तक म्हणजे छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती, अशी व्याख्या केली गेली. जे कधी छापलंच नाही, थेट फाइल म्हणून निघालं, ते १८ टक्क्यांतच राहिलं. म्हणजे शंभर रुपयांचा कवितासंग्रह कागदावर शंभरला, छापून मग ई-आवृत्ती काढली तर १०५ ला आणि नुसता ई-संग्रह ११८ ला. पदरमोड करून गठ्ठे माळ्यावर टाकण्यापेक्षा फाइल बरी, असा शहाणा विचार करणाऱ्या नवख्या कवीलाच भुर्दंड! पडद्यावरच्या पुस्तकाने पुस्तकपणाचा दाखला कागदाकडून आणायचा, ही अट कोणत्या तर्कात बसते, हे समजणं अवघड आहे.

छापील पुस्तकाचं शून्यही निखळ नव्हतं, हे प्रकाशकांचं म्हणणं खोटं नाही. तेव्हा छपाईच्या कागदावर १२ टक्के कर होता. पुस्तक करमुक्त असल्याने त्या कराची वजावट मिळायची नाही आणि तो निमूटपणे किमतीत मिसळायचा. तरी गिऱ्हाइकाला पावतीवर तो दिसत नव्हता. ई-पुस्तकाचा दिसत होता.

मार्च २०२० मध्ये वाचनालयांना कुलपं लागली, ती ऑक्टोबरात निघाली. मधल्या काळात व्हॉट्सअॅपवर पीडीएफचा पूर आला. त्यातल्या बऱ्याच फायली चोरीच्या होत्या. तिथे करही नव्हता आणि लेखकाचं मानधनही.

वाचनालयांपुढचा प्रश्न मात्र कर उद्या शून्यावर आला तरी सुटणारा नाही. ई-पुस्तक विकत घेतलं म्हणजे बहुधा वाचण्याचा परवाना मिळतो, तोही एका खात्यापुरता. २००९ मध्ये एका अमेरिकी कंपनीने हक्कांच्या घोळामुळे विकलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या होत्या. अशा पुस्तकावर शिक्का मारून ते सभासदाला आठवडाभर घरी देता येत नाही. त्यासाठी प्रकाशकाशी वेगळा करार लागतो. मराठीत असे करार करायला बसणार कोण आणि त्याचे पैसे कुठून यायचे, यावर चर्चा अजून नीट सुरूही झालेली नाही.