खुब्याचा गोळा वाचवण्याची धडपड : पार्श्वभूमी

सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभं राहणारा तिशी-चाळिशीतला माणूस जांघेत दुखतं म्हणून येतो, तोवर 'सायटिका' (कंबरेतून पायात उतरणारं नसेचं दुखणं) समजून कंबरेला पट्टा बांधण्यात त्याचे बरेच महिने गेलेले असतात. त्याला मांडी घालता येत नाही. डॉक्टरांनी पाय गुडघ्यात दुमडून आतल्या बाजूला वळवला की जांघेत कळ जाते. एक्स-रे मात्र सुरुवातीला स्वच्छ असतो, आणि इथेच फसगत होते. मांडीच्या हाडाचा वरचा, खुब्यात बसणारा गोळा रक्त न मिळाल्याने मरत चाललेला असतो. हाच एव्हीएन, म्हणजे 'अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस'.

या गोळ्याचा बहुतेक रक्तपुरवठा हाडाच्या मानेला, म्हणजे गोळ्याखालच्या अरुंद भागाला, चिकटून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांवर चालतो. मान मोडली की त्या तुटू शकतात. फ्रॅक्चर नसताना हा आजार होतो तो मुख्यतः दारू आणि स्टेरॉइडमुळे. संधिवातावर कॉर्टिसोन हे स्टेरॉइड पहिल्यांदा १९४८ मध्ये दिलं गेलं. १९५० मध्ये त्या संशोधनाला नोबेल मिळालं. १९५७ पर्यंत स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या खुब्यातले मेलेले गोळे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले जाऊ लागले होते. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं, कारण त्यांत स्टेरॉइड असू शकतं.

इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ पासून संपूर्ण खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया रुळवली. म्हाताऱ्या माणसाला ती वरदानच ठरली. पण तिशीतल्या कामगाराला बसवलेला सांधा झिजतो आणि पुढे पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. त्यामुळे मला महत्त्वाचं वाटतं ते फ्रान्समधल्या आर्ले आणि फिका यांचं काम. निदानासाठी हाडाला भोक पाडून तुकडा काढला, तर आतला दाब उतरून रुग्णाचं दुखणंच कमी झालं. त्यातून 'कोअर डिकम्प्रेशन' आलं. अट एकच, गोळा खचायच्या आत ते व्हायला हवं. १९८० च्या दशकात एमआरआय आला आणि ती वेळ गाठणं शक्य झालं. मुंबईत डॉ. संजय अगरवाला यांनी अ‍ॅलेन्ड्रोनेट या हाडांच्या ठिसूळपणावरच्या औषधाच्या गोळ्या वापरून पाहिल्या. त्यांचे निकाल आशादायक होते, पण पुढच्या सगळ्या चाचण्यांचा कौल एकसारखा आला नाही.

कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचवले. २०२१ मध्ये मुंबईतून कोविडनंतरच्या एव्हीएनच्या नोंदी आल्या. त्या काळात स्टेरॉइड घेतलेल्या कुणाची जांघ दुखत असेल, तर एमआरआय दोन्ही खुब्यांचा करावा. न दुखणाऱ्या बाजूलाही आजार पुष्कळदा सुरू झालेला असतो, आणि तो गोळा अजून वाचवता येऊ शकतो.