ग्रीक ‘फावा’ म्हणजे फावा बीन्स नव्हेत

फावा बीन्स आता बऱ्याच जणांना माहीत आहेत. इजिप्तमधला ‘फूल’ नावाचा पदार्थ, आखाती दुकानांतले डबे, अंगठ्याच्या नखाएवढा दुहेरी सालीचा चपटा दाणा. हिंदीत बाकला. (वाल नव्हे! ‘फावा बीन्स म्हणजे आपले कडवे वाल’ असं लिहिणाऱ्यांनी दोन्ही एकदा भिजवून, सोलून बघावेत.) त्यांच्यावर याहून जास्त शब्द खर्चत नाही.

घोळ होतो तो ग्रीसमध्ये. मेन्यूत ‘फावा’ वाचून लोक हिरव्या दाण्यांची वाट बघत बसतात, आणि पुढ्यात येतं पिवळंधमक, घोटलेलं घट्ट वरण. वर ऑलिव्हचं तेल, बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि केपरच्या आंबट-खारट कळ्या. मग परत येऊन ‘फावा बीन्सचा ग्रीक हमस’ म्हणून पाककृती टाकतात. त्यात बाकलाही नसतो आणि हमस (घोटलेले काबुली चणे) पण नसतं.

इटलीत फावा म्हणजे बाकलाच. लॅटिनमधला ‘फाबा’ही तोच. ग्रीकांकडे मात्र हा शब्द दाण्यावरून सरकून पदार्थावर जाऊन बसला. पिवळी डाळ शिजवून घोटली की ती फावा, आणि त्यासाठी दुकानातून आणायची डाळही फावाच. बाकल्याला ते ‘कुकिया’ म्हणतात. बाकलाच घोटून केला तर त्याला ‘कुकोफावा’ असं वेगळं नाव आहे, यावरूनच काय ते समजा.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. माझ्या भाच्याला जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे. अशा माणसाने बाकला खाल्ला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून डॉक्टरांनी फावा बीन्स कायमचे बंद केलेत. या पठ्ठ्याने अथेन्समध्ये डाळीचा फावा घाबरून परत पाठवला आणि ‘कुकिया’ मात्र काहीतरी स्थानिक भाजी असेल म्हणून मागवायला निघाला! म्हणून अशांनी तिथे शब्द लक्षात ठेवायचा तो ‘कुकिया’, आणि फावा कशाचा केलाय हेही विचारून घ्यायचं.

आता डाळीकडे वळू. ग्रीसभर साधा फावा पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचाही करतात, त्यात गैर काही नाही. पण नावाजलेला फावा सँटोरिनी या ग्रीक बेटाचा, आणि तो वाटाणा नव्हे. ती लॅथिरस क्लायमेनम, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. लाखोळी (हिलाच लाख म्हणतात) ती लॅथिरस सटायव्हस. सँटोरिनीवरच्या अक्रोतिरी या प्राचीन वस्तीच्या उत्खननात, साडेतीन हजार वर्षांहून जुन्या ज्वालामुखीच्या राखेखाली, ही बेटावरची डाळ साठवणीच्या भांड्यांत सापडली आहे. तिथे आजही ती पावसावरच येते. भुसभुशीत ज्वालामुखी माती रात्रीचा ओलावा धरून ठेवते, तेवढ्यावर पीक निघतं. शिवाय मुळांवरच्या गाठी मातीला नत्र देतात. भंडारा-गोंदियाकडे उभ्या धानात लाखोळी फेकून उतेरा घेतात, नांगरट नाही की वेगळं पाणी नाही, त्याच जातीचं हे शहाणपण.

बहीण म्हटल्यावर कुणीतरी लाखेच्या पांगळेपणाचा विषय काढणारच. तो आजार वेगळा: दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखच खाल्ल्याने पाय जातात. बाकल्याच्या त्रासाशी त्याचा काही संबंध नाही. त्या भीतीपोटी १९६१ मध्ये लाखेच्या विक्रीवर बंदी आली, तरी तुरीच्या डाळीत तिची भेसळ होतच राहिली. सँटोरिनीत गंमत उलटी. तिथला फावा महाग, कारण एकरी उतारा कमी आणि शेतांवर हॉटेलं चढलेली. म्हणून लाखेच्या बहिणीच्या नावावर तिकडे वाटाणा खपवतात. ‘सँटोरिनी फावा’ या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे, तेव्हा पाकिटावर तो शिक्का नसेल तर बेटाचे पैसे मोजू नका.

घरी करायचा तर पिवळ्या वाटाण्याची डाळ घ्या आणि सरळ तसं सांगा. तुरीची नको, ती वरणाच्या वळणावर जाते. कांदा घालून शिजवा, फेस काढा, डाळ विरघळेपर्यंत ढवळा. भांड्यात जरा सैल वाटली तरी उतरवा, निवताना ती आपोआप आळते. लिंबू शेवटी. आणि कृपा करून फोडणी देऊ नका.