जागा जोडायची की माणूस? साइट-टू-साइट आणि रिमोट अ‍ॅक्सेस व्हीपीएन

दादरला ऑफिस, भिवंडीत गोदाम, ठाण्यात दुकान. टॅली दादरच्या सर्व्हरवर आणि ती तिन्ही ठिकाणी लागते. मालकाला कुणीतरी सांगतं, "व्हीपीएन टाकून घ्या." मग गोदामातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बसतं, रोज सकाळी प्रत्येकाने पासवर्ड टाकून कनेक्ट व्हायचं, आणि भर दुपारी कनेक्शन तुटलं की गाडी दारात उभी असताना डिलिव्हरी चलान छापायचं अडतं. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खासगी, सुरक्षित वाट; पण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या व्यवस्था येतात, आणि इथे नेमकी नको ती निवडली गेलेली असते.

साइट-टू-साइटमध्ये दोन जागांचे राउटर किंवा फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) आपसांत कायमचा एन्क्रिप्टेड टनेल, म्हणजे बाहेरच्याला आतलं वाचता न येणारा बोगदा, उघडून ठेवतात. मागच्या कॉम्प्युटरांवर काहीच बसवायचं नसतं. प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांच्यावर सहसा व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बसवताच येत नाही. ती या मार्गानेच जोडली जातात. रिमोट अ‍ॅक्सेसमध्ये टनेल थेट माणसाच्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर येऊन संपतो. बोरिवलीहून घरून काम करणारा अकाउंटंट, सुरतेला फिरतीवर गेलेला सेल्समन, यांच्यासाठी तो. त्यात प्रत्येकाची ओळख वेगळी असते, ओटीपी लावता येतो, आणि कुणी नोकरी सोडली की तेवढंच एक खातं बंद करायचं.

म्हणून निवडताना माणसं मोजू नका, पलीकडच्या टोकाला काय आहे ते बघा. जागा असेल तर साइट-टू-साइट, माणूस असेल तर रिमोट अ‍ॅक्सेस. गोदामात दोनच कॉम्प्युटर असले तरी ती जागाच आहे. बहुतेक धंद्यांना दोन्ही लागतात, आणि बऱ्याच फायरवॉलमध्ये दोन्हींची सोय असते.

खरी अडचण पुढे येते. साइट-टू-साइटसाठी किमान एका टोकाला, म्हणजे दादरला, स्टॅटिक पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घ्या. शाखेकडे तो नसला तरी चालतं. सिमवर चालणारे राउटर आणि अनेक स्वस्त ब्रॉडबँड कनेक्शन सीजी-नॅटच्या मागे असतात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, त्यांच्यापर्यंत बाहेरून पोहोचता येत नाही. पण तेच राउटर आतून दादरला हाक देऊ शकतात. वायरगार्ड आणि आयपीसेक या टनेल बांधायच्या दोन पद्धती. वायरगार्डमध्ये त्यासाठी शाखेच्या बाजूला कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा छोटा संदेश) साधारण २५ सेकंदांवर ठेवतात. आयपीसेक असेल तर यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट उघडे लागतात.

दुसरी गाठ पत्त्यांची. दोन्हीकडे राउटर खोक्यातून काढला तसाच लावला, तर दोन्ही नेटवर्क १९२.१६८.१.० निघण्याची शक्यता मोठी. मग भिवंडीचा कॉम्प्युटर दादरच्या सर्व्हरला आपल्याच खोलीत शोधत बसतो. दादरला १०.१०.१.०, भिवंडीला १०.१०.२.० असं आधीच वाटून घ्या. घरच्या राउटरचा पत्ताही बहुधा १९२.१६८ चाच असतो, त्यामुळे रिमोट अ‍ॅक्सेसवाल्यांचीही सोय होते.

जागा वाढल्या की प्रत्येकीला प्रत्येकीशी जोडायचा मोह आवरा. पाच जागांना तसे दहा टनेल लागतात. सगळ्या दादरला जोडल्या तर चारच. फक्त दादरचं इंटरनेट गेलं की सगळंच जाईल, तेव्हा तिथे दुसऱ्या कंपनीची लाइन हवीच. पावसाळ्याआधी रस्ते खोदले जातात आणि फायबर तुटते, हे मुंबईत वेगळं सांगायला नको.

टॅली हळू चालण्यावर मात्र दोन्हींपैकी कुठलाच उपाय नाही. शेअर केलेल्या फोल्डरमधून टॅलीचा डेटा टनेलवरून उघडला की एका व्हाउचरसाठी असंख्य छोट्या फेऱ्या होतात, आणि मध्येच लाइन तुटली तर डेटा बिघडायची भीती. टॅली दादरच्या सर्व्हरवरच चालू द्या, भिवंडीतून टनेलमधून रिमोट डेस्कटॉपने तिच्यावर काम करा. तेव्हा फक्त स्क्रीन आणि कीबोर्डची ये-जा होते. व्हीपीएनच नको म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट ३३८९ थेट इंटरनेटला उघडून देणारेही भेटतात. तसं कुणालाही करू देऊ नका. डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअर टोळ्या नेमकी अशीच उघडी दारं शोधत असतात.

साइट-टू-साइटची जोखीमही मोठी आहे. टनेल उघडला की गोदामातला व्हायरस लागलेला कॉम्प्युटर दादरच्या सर्व्हरशेजारी येऊन बसतो. फायरवॉलमध्ये नियम घालून भिवंडीला फक्त सर्व्हर आणि प्रिंटरपर्यंतच जाऊ द्या. हे काम पहिल्याच दिवशी करून घ्या, नंतर कुणी करत नाही.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने काहीजण घाबरतात. ग्राहकांच्या नोंदी ठेवायची त्यातली अट सर्वसामान्यांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. कंपनीने स्वतःच्या कामासाठी उभारलेल्या व्हीपीएनला ती लागू नाही.

सामान घेण्याआधी प्रत्येक जागी राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघून घ्या. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर ते कनेक्शन सीजी-नॅटमागे आहे: शाखेला चालेल, दादरला नाही.