ओव्हरड्राइव्हमधील विद्युत दोष

जुन्या मोटारीचा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) लागेनासा झाला, चालता चालता सुटू लागला किंवा लागलेला सुटेनासा झाला, तर त्यामागचे विजेचे कारण शोधण्याची पद्धत. ही नोंद मुख्यतः एडगर द नॉर्मनव्हिल यांनी शोधलेल्या आणि इंग्लंडमधील शेफील्डच्या लेकॉक कंपनीने बनवलेल्या ओव्हरड्राइव्हविषयी आहे. ट्रायम्फ टीआर, ऑस्टिन-हीली, जॅग्वार मार्क 2, एमजीबी आणि व्होल्वोच्या अनेक गाड्यांत तो बसवलेला असे.

ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला असतो. तो लागला की टॉप गिअरमध्ये मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर चालणारे इंजिन त्याच वेगाला सुमारे 2,400 फेऱ्यांवर येते. सोलापूरहून पुणे, हैदराबाद किंवा विजापूरकडे निघालेल्या गाडीला पठारावरचा सरळ रस्ता तासन्‌तास मिळतो. त्यामुळे या भागात ओव्हरड्राइव्ह ही चैन राहत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की इंजिनाच्या कमी झालेल्या फेऱ्या रेडिएटरच्या काट्यावर लगेच दिसतात.

गिअर बदलण्याचे खरे काम तेलाच्या दाबाने होते. विजेचे काम एवढेच, की सोलेनॉइडने, म्हणजे विजेवरच्या चुंबकाने, दांडी ओढायची आणि तेलाची झडप उघडायची. प्रवाह इग्निशनकडून चालकाच्या स्विचला, गिअरबॉक्सवरच्या स्विचला आणि सोलेनॉइडला जातो. काही गाड्यांत मध्ये रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो. बंद पडलेल्या ओव्हरड्राइव्हसाठी थेट गिअरबॉक्स खाली उतरवणे हा या दुरुस्तीतला सर्वांत महागडा उतावळेपणा आहे. गंजलेला जोड किंवा सैल अर्थिंग (गाडीच्या अंगातून बॅटरीकडे परतणारी जोडणी) हेही कारण असू शकते आणि ते तपासायला एक सकाळ पुरते.

पहिली परीक्षा उभ्या गाडीवर होते. इंजिन बंद, इग्निशन चालू, टॉप गिअर टाकलेला. एकाने आत बसून स्विच चालू-बंद करायचा, दुसऱ्याने गाडीखाली कान द्यायचा. सोलेनॉइडचा ‘टक्‌’ असा स्पष्ट आवाज आला, तर वीज तिथपर्यंत पोचते आहे आणि दांडी हलते आहे. मग तेलाची पातळी, गाळणी आणि झडपेची जुळणी पाहायची. तेलाचा पंप गाडी धावत असतानाच चालतो, म्हणून उभ्या गाडीत यापुढचे काही कळत नाही.

आवाज आला नाही, तर नुसता मीटर लावून समाधान मानू नये. दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरही मीटरला पूर्ण 12 व्होल्ट दाखवते, कारण मीटर प्रवाह जवळजवळ ओढतच नाही. सोलेनॉइडच्या टोकाला 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब मंद जळला तर वाटेत अडथळा आहे. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थवर आणि दुसरे गिअरबॉक्सच्या अंगावर ठेवून स्विच दाबावा. व्होल्ट दिसू लागले, तर दोष अर्थिंगचा. रबरी माउंटिंगवर बसलेल्या गिअरबॉक्सला इंजिनाच्या अर्थ पट्टीचाच आधार असतो, आणि रंगकाम करताना ती पट्टी रंगावरच आवळून टाकलेली आढळते.

ए आणि डी प्रकारच्या ओव्हरड्राइव्हच्या सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात. पहिली दांडी ओढते आणि त्या क्षणी 15 ते 20 अँपिअर घेते. दांडी पूर्ण आत गेली की आतला पॉइंट (स्विचसारखा संपर्क) उघडतो, ओढणारी कॉइल बंद होते आणि धरून ठेवणारी कॉइल सुमारे 1 अँपिअरवर काम भागवते. दांडीला जोडलेल्या लिव्हरची जुळणी किंचित चुकली की दांडी शेवटपर्यंत जात नाही, पॉइंट उघडत नाही आणि क्षणभरासाठी बनवलेली कॉइल मिनिटभर तापत राहते. नवा सोलेनॉइड पुन्हा जळतो तो याच कारणाने. ए प्रकारात लिव्हर आणि केसिंगच्या भोकांतून 3/16 इंचाची सळई घालून जुळणी पाहतात. त्यानंतर अमीटर मालिकेत जोडून प्रवाह 1 अँपिअरच्या आसपास उतरतो का, हे पाहिल्याशिवाय काम पुरे समजू नये. जे प्रकारात एकच कॉइल असते. ती सुमारे 2 अँपिअर घेते.

सकाळी नीट चालणारा आणि पुण्याच्या वाटेवर मोहोळच्या पुढे गेल्यावर सुटणारा ओव्हरड्राइव्ह अधिक चिवट असतो. तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. कॉइल 40 अंशांनी तापली की प्रवाह सातव्या हिश्श्याने घटतो, आणि आधीच अशक्त झालेला सोलेनॉइड दांडी सोडतो. कारण ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे सोलेनॉइडच्या वायरवरून एक छोटा दिवा डॅशबोर्डपर्यंत आणणे. ओव्हरड्राइव्ह सुटताना दिवाही विझला तर दोष स्विच, रिले किंवा वायरिंगचा. दिवा जळत राहिला तर सोलेनॉइड, त्याची अर्थिंग किंवा तेल.

गिअरबॉक्सवरचा स्विच ओव्हरड्राइव्हला फक्त वरच्या गिअरमध्ये परवानगी देतो. त्याखालच्या कागदी वॉशरची जाडी बदलली तरी ओव्हरड्राइव्ह लागत नाही. तपासणीपुरताही हा स्विच वगळून, वायर थेट जोडून गाडी रस्त्यावर नेऊ नये. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स टाकला तर आतला एका दिशेने फिरणारा क्लच फुटतो आणि मग गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागतो. सुटेनासा झालेल्या ओव्हरड्राइव्हची गाडीही म्हणूनच मागे घेऊ नये, ढकलूनसुद्धा नाही.

सुटा भाग इंग्लंडहून येईपर्यंत सोलापुरात एक सोय हाताशी आहे. यंत्रमागांच्या या शहरात जळालेल्या विजेच्या मोटारींची कॉइल भरून (नव्याने गुंडाळून) देणारे कारागीर आहेत, आणि सोलेनॉइडची कॉइल त्यांच्या कामाहून फार वेगळी नाही. जुनी कॉइल उलगडताना दोन्ही तारांची जाडी आणि वेढे वेगवेगळे मोजून घ्यावेत, दोन्हींची दिशा तीच ठेवावी. वार्निश उष्णता सोसणारे हवे, कारण ही कॉइल गिअरबॉक्सच्या अंगाला चिकटून बसते.