चर्चिल, फ्लेमिंग आणि काकांचा फॉरवर्ड

धरमपेठेतल्या काकांनी परवा फॅमिली ग्रुपवर पुन्हा तीच गोष्ट टाकली: गरीब शेतकऱ्याने दलदलीत फसलेल्या छोट्या चर्चिलला वाचवलं, चर्चिलच्या वडिलांनी त्या शेतकऱ्याच्या मुलाला डॉक्टर केलं, तोच अलेक्झांडर फ्लेमिंग, आणि पुढे त्याच्याच पेनिसिलिनने चर्चिलचा न्यूमोनिया बरा झाला. खाली जोडलेल्या हातांची रांग.

गोष्ट गोड, पण खोटी. फ्लेमिंग डॉक्टरकीकडे वळला १९०१ मध्ये, तोही काकाकडून वारशात आलेल्या पैशांवर. चर्चिलचे वडील १८९५ लाच वारले होते! डिसेंबर १९४३ मध्ये ट्युनिशियात चर्चिलला न्यूमोनिया झाला खरा, पण दिलं गेलं ते एम अँड बी ६९३, म्हणजे सल्फा गटातलं औषध. पेनिसिलिन येतं बुरशीपासून, आणि बुरशीशी त्याचा काही संबंध नाही.

खरा योगायोग १९२८ चा. सुट्टीवरून परतलेल्या फ्लेमिंगला जंतू वाढवायच्या एका बशीत बुरशी दिसली, आपल्याकडे पावसाळ्यात ब्रेडवर येते तशी, आणि तिच्या आजूबाजूचे जंतू विरघळलेले. त्यातून औषध मात्र ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन या शास्त्रज्ञांनी आणि मंडळींनी उभं केलं, १९४० च्या सुमारास.

हे सगळं काकांना लिहिलं. उत्तर आलं, "असंन बाप्पा. पण गोष्ट भारी आहे नं?"