उखळीचा सांधा की फोममधली तार?

दुकानात जाऊन छोट्या कॅमेऱ्यासाठी ‘गोरिला ट्रायपॉड द्या’ म्हटलं की समोर दोनपैकी एक वस्तू येते. कोणती येईल हे बहुतेक वेळा दुकानदाराकडे काय शिल्लक आहे त्यावर ठरतं. दोन्ही जेमतेम वीतभर. दोन्हींना तीन पाय, दोन्हींचे पाय हवे तसे वाकतात आणि झाडाच्या फांदीला वेटोळं घालून बसतात. ऑनलाइन फोटोत तर फरक कळतच नाही. हातात घेतल्यावर मात्र दिसतं की एकाचा पाय प्लास्टिकच्या मण्यांच्या माळेसारखा आहे आणि दुसऱ्याचा मऊ फोमच्या नळीसारखा. या फोमवाल्याला काही जण ‘ऑक्टोपस’ म्हणतात, पण सर्रास दोघांनाही गोरिलाच म्हटलं जातं. झेरॉक्सचं जे झालं तेच.

मुळात गोरिलापॉड हे जोबी या अमेरिकन कंपनीचं उत्पादन. ते २००६ मध्ये बाजारात आलं आणि ते मण्यांचंच होतं. (ती कंपनी काढणारे जोबेन बेव्हर्ट पुढे विजेवर उडणाऱ्या हवाई टॅक्सीच्या मागे लागले. जोबी एव्हिएशन ती त्यांचीच.) फोमवाले नंतर त्याच नावाच्या आडोशाने विकले जाऊ लागले.

दोन्ही वाकतात हे खरं, पण वाकवून हात सोडल्यावर ते कशाच्या जोरावर तसेच राहतात, यात सगळा फरक आहे.

मण्यांच्या पायात उखळीचे सांधे असतात. शाळेच्या विज्ञानात खांद्याचा आणि खुब्याचा सांधा शिकलो, तोच प्रकार: एका मण्याचा गोल माथा पुढच्या मण्याच्या वाटीत घट्ट दाबून बसवलेला. पाय टिकतो तो घर्षणावर. हे घर्षण जेवढ्यास तेवढं असतं. त्यापेक्षा जास्त जोर आला की सांधा सरकतो, आणि फारच आला की ‘टक्’ आवाज करून निखळतो. निखळला तर घाबरायचं कारण नाही. माथा वाटीवर ठेवून तळहाताने दाबला की पुन्हा बसतो.

फोमच्या आत एक धातूची तार असते, बाकी काही नाही. ती वाकवली की वाकलेलीच राहते. हात सोडल्यावर किंचित मागे येते, म्हणून नेहमी हवं त्यापेक्षा थोडं जास्त वाकवावं लागतं. सांधाच नसल्यामुळे निखळण्याचा प्रश्न येत नाही. मात्र पक्कड हाताशी नसताना आपण तार कशी तोडतो ते आठवा. एकाच जागी मागेपुढे, मागेपुढे वाकवत राहतो. दर वेळी तिथला धातू जास्त कडक आणि ठिसूळ होत जातो आणि शेवटी तुटतो. ट्रायपॉडचा पायही दर वेळी जवळजवळ त्याच जागी वाकतो, वर जिथे तो डोक्याला, म्हणजे कॅमेरा बसतो त्या भागाला, जोडलेला असतो तिथे. त्यामुळे मोडतोही तिथेच, आणि फोमच्या आत मोडत असल्यामुळे आधी कळत नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. कॉम्पॅक्ट, म्हणजे लेन्स न बदलता येणारा छोटा कॅमेरा, म्हटलं की आपण ‘हलका’ असं धरून चालतो. बॅटरी आणि कार्डासकट रिको जीआर थ्री २५७ ग्रॅमचा आहे, सोनीचा आरएक्स१०० मार्क सेव्हन ३०२ ग्रॅमचा आणि फुजीफिल्मचा एक्स१००सिक्स ५२१ ग्रॅमचा. जोबीच्या सगळ्यात छोट्या मूळ मॉडेलची क्षमता ३२५ ग्रॅम होती. म्हणजे फुजी त्यावर बसायलाच नको, आणि सोनी कागदावर अगदी काठावर पास. पुढच्या मॉडेलांच्या नावातच क्षमता आहे: १के म्हणजे एक किलो, ३के म्हणजे तीन. फोमवाल्या खोक्यांवरही किलोचे आकडे असतात, पण त्यांवर मी विश्वास ठेवत नाही. ट्रायपॉड सरळ उभा आणि वजन बरोबर मधोमध असेल तर ते एक वेळ खरे असतील. आपण कॅमेरा कधी असा ठेवतो? तो पुढे झुकवतो, उभ्या फोटोसाठी आडवा पाडतो, त्यात झूम केल्यावर लेन्स बाहेर येते आणि वजन आणखी पुढे सरकतं. वजन तेवढंच राहतं, पण त्याचा ओढा वाढतो. बंद दार मुठीजवळ ढकलणं आणि बिजागरीजवळ ढकलणं यात जो फरक, तोच. म्हणून कॅमेऱ्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा पाय घ्यावा असं माझं मत आहे, मग तो मण्यांचा असो की तारेचा.

हे मी शिकलो ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेलो तेव्हा. काजव्यांच्या फोटोसाठी शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवायचं आणि असे बरेच फोटो नंतर एकावर एक रचायचे. मी फोमवाला ट्रायपॉड कुंपणाच्या बांबूला गुंडाळला, फ्रेम लावली आणि अंधारात शांत बसलो. घरी येऊन पाहतो तर काजवे छान, पण झाडाचं खोड दुहेरी. दर फोटोत कॅमेरा केसभर खाली आला होता. डोळ्यांना काहीच कळलं नव्हतं. वाकवलेली तार भाराखाली हळूहळू बसत जाते, आणि सेकंदाच्या दोनशेव्या भागात काढलेल्या फोटोत जे दिसणार नाही ते तीस सेकंदांत उघडं पडतं. घट्ट असलेल्या मण्यांच्या पायाला ही खोड कमी. तो एक तर धरून राहतो नाही तर एकदम घसरतो, आणि घसरला तर निदान लगेच कळतं.

म्हणजे मण्यांचा चांगला आणि तारेचा वाईट, असं मात्र नाही. खिडकीचा गज, सायकलचं हँडल, तंबूची दोरी अशा बारीक गोष्टींना मण्यांचा पाय नीट बिलगत नाही. प्रत्येक मणी ताठ असतो, वळण फक्त दोन मण्यांच्या मध्ये. त्यामुळे बारीक गजाभोवती तो गोल न होता कोनाकोनाने टेकतो आणि फिरतो. तार वेलीसारखी हवी तेवढी घट्ट गुंडाळता येते. उलट टेबलावर, कठड्यावर, नदीतल्या खडकावर तीन पाय तीन उंचींवर टेकवायचे असतील तर मण्यांचा उजवा. फ्रेम बारीक हलवायची असेल तर तो थोडा त्रास देतो. इंचभर हवं असताना तो एकदम दोन इंच सरकतो, वर कटकट आवाज करतो. पहाटे पक्ष्यांपाशी बसला असाल तर हा आवाज नको वाटतो.

पाऊस आणि वाळू दोघांनाही वेगवेगळे छळतात. कोकणात पुळणीवर उभा केलेल्या मण्यांच्या ट्रायपॉडच्या वाट्यांत वाळू शिरते आणि सांधे घासून सैल करते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवला की बराच टिकतो. तेल मात्र लावू नका. सांधा करकरतो म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडणारे लोक मला माहीत आहेत. ज्या घर्षणावर तो उभा राहतो तेच मग निघून जातं. फोम पावसात पाणी पितो आणि दोन दिवस ओलाच राहतो. आतली तार लोखंडी असेल तर गंजते. फोम टोकाशी फाटला की तार बाहेर डोकावते आणि बॅगेतल्या लेन्सशेजारी ती नकोच.

पायांच्या या चर्चेत डोक्याकडे दुर्लक्ष होतं. फोमवाल्यांबरोबर बहुधा मोबाइलची क्लिप येते. ती काढल्यावर खाली कॅमेऱ्याचा नेहमीचा पाव इंची स्क्रू आहे ना, ते बघा. काहींत क्लिप निघतच नाही. डोकं सगळीकडे फिरणाऱ्या गोळीचं आणि त्याला स्वतंत्र खिट्टी असेल तर उत्तम, म्हणजे फ्रेम लावायला दर वेळी पाय वाकवावे लागत नाहीत आणि तारेचं आयुष्यही वाढतं. स्क्रूची लांबीही बघा. सोनीच्या कॉम्पॅक्टच्या पुस्तिकेत साडेपाच मिलिमीटरपेक्षा कमी लांबीचा स्क्रू वापरा असं सांगितलेलं असतं, कारण जास्त लांब स्क्रू नीट आवळला जात नाही आणि आत इजा करू शकतो. आणखी एक गोष्ट ऑनलाइन कळत नाही. बऱ्याच कॉम्पॅक्टमध्ये स्क्रूचं भोक बॅटरीच्या झाकणाला चिकटून असतं. ट्रायपॉडची चकती मोठी असली की बॅटरी बदलायला दर वेळी सगळं सोडायचं, पुन्हा आवळायचं.

शक्य असेल तर कॅमेरा सोबत घेऊन दुकानात जा. ट्रायपॉड काउंटरवर ठेवा, कॅमेरा लावा, झूम पूर्ण बाहेर काढा आणि कॅमेरा पुढे झुकवा. स्क्रीनवरच्या जाळीची एक रेघ समोरच्या फळीच्या कडेशी जुळवा आणि दोन मिनिटं दुकानदाराशी गप्पा मारा. रेघ हलली असेल तर दुसरा मागा. मण्यांच्या पायाचा प्रत्येक सांधा एकदा फिरवून पाहा. एक सैल आणि एक घट्ट असेल तर वजन नेहमी सैल सांध्यावरच येणार. फोमवाल्याचा पाय मुळाशी धरून पिळून पाहा. आतली तार गोल फिरत असेल तर ती डोक्यात नीट रोवलेली नाही.

कुठलाही घेतलात तरी शटर बोटाने दाबू नका. दोन सेकंदांचा टायमर लावा किंवा कॅमेऱ्याच्या ॲपवरून फोनने क्लिक करा. इतक्या छोट्या पायांवर बोटाचा धक्काही पुरतो.

माझ्याकडे आता एक किलोचा मण्यांचा आहे आणि तो कॅमेऱ्याच्या बॅगेतच असतो. फोमवाल्याचा एक पाय त्या जूननंतर दोन वर्षांनी मुळाशी तुटला, पण टाकला नाही. उरलेले दोन पाय स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या दांडीला गुंडाळलेत. आई त्यात फोन अडकवून पुरणपोळीचे व्हिडिओ बघते. मोबाइलची क्लिप नुसती पडून होती, ती शेवटी तिथे कामी आली.